गुडघ्यातले वंगण

तुळजापूरला देवीच्या दर्शनाला जाणाऱ्या माणसाला पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, उतराव्या लागतात. महाद्वारातून आत शिरले की कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ मागे टाकत आपण खाली खाली जात राहतो आणि मग कुठे देवीचे देऊळ येते. लहानपणी आईचे बोट धरून उतरताना मला या उलट्या वाटेचे फार अप्रूप वाटे. चार वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी, त्याच पायऱ्यांवर जेमतेम दहा-बारा पायऱ्या उतरून झाल्यावर आई कठड्याला धरून थांबली, मग हळूच खाली बसली, पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, "तू जाऊन ये माय. मी हितूनच हात जोडते."

कुलदैवताच्या दारात येऊन तिने दर्शन सोडावे, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. तिचे गुडघे दुखतात हे घरात सगळ्यांना माहीत होते, पण "दुखतात" या शब्दात किती मावलेले आहे, हे कोणी उघडून पाहिले नव्हते. मागाहून एकेक गोष्ट आठवत गेली. ती पंगतीत बसेनाशी झाली होती आणि उभ्यानेच वाढायची. पोथी पाटावरून स्टुलावर आली होती. गेली दोन वर्षे ती गावातल्या मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्यांची पाकिटे आणून देवघरातल्या डब्यात ठेवत होती आणि दुखले की एक, जास्त दुखले की दोन, अशा हिशेबाने घेत होती. चढण्यापेक्षा उतरणे जड जाते, हेही तिने कधीतरी सांगितले होते. आम्ही ते ऐकून सोडून दिले होते. पायरी उतरताना सगळ्या शरीराचा भार वाकलेल्या एका गुडघ्यावर येतो आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला तो भार सोडत सोडत सावरावा लागतो. तो स्नायू थकलेला असला की सांध्यालाच तो हिसका सोसावा लागतो. झिजू लागलेला गुडघा म्हणूनच बहुधा उतारावर आधी बोलतो.

त्याच आठवड्यात आम्ही तिला तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात नेले. एक्स-रे निघाला, तो खिडकीच्या उजेडासमोर धरला गेला आणि पाच मिनिटांत निकाल लागला: वंगण संपले आहे, हाडाला हाड घासते आहे, दोन्ही गुडघ्यांत वंगणाचे इंजेक्शन भरून घ्या, वर्षभर बघायला नको. एका गुडघ्याचे १८ हजार रुपये. आधी काय करून पाहता येईल, आराम किती पडेल, कोणाला पडत नाही, यातले काहीही सांगण्यात आले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. न विचारण्याचे कारण मला नंतर कळले. "वंगण" हा शब्द इतका ओळखीचा होता की त्यापुढे विचारायचे काही उरलेच नाही असे आम्हाला वाटले.

आमच्या घरी बैलगाडी होती. वडील गाडीच्या साट्याखाली बांबूचे एक नळकांडे लटकवून ठेवत. त्यात एरंडेलात मुरलेल्या चिंध्यांचे काळे वंगण असे. लांबच्या बाजाराला निघण्यापूर्वी चाक उतरवून ते आखाला वंगण चोपडत आणि चाक पुन्हा चढवत. वंगण नसलेली गाडी शिवारातून येताना दुरूनच कुरकुरत येई आणि आई चुलीपुढून म्हणे, "आली बघा, वंगण मागू लालीय." त्या आईला गुडघ्यातले वंगण संपले असे सांगितले की तिच्या डोळ्यांसमोर काय उभे राहणार? कोरडा आख, घासणारे लोखंड, आणि त्यावर उपाय एकच, भरणे. भरले की गाडी चालू. तोवर गाडी सोडून ठेवायची.

तिने नेमके तेच केले. पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत ती दीड महिना जवळजवळ पडून राहिली. चालले तर आणखी झिजेल, या भीतीने ती अंगणातही येईना. माझा धाकटा भाऊ म्हणे, "आक्का, शेजारच्या काकूनी घेतलं, त्या हिंडू लालत्या. आपण कशाला वाट बघायची?" त्याचे बोलणे मला अजिबात चुकीचे वाटत नव्हते. आईसाठी काहीतरी करावे, ते लवकर करावे आणि त्याला पैसे लागले तर लागू द्यावेत, ही लेकरांच्या मनातली घाई मला पुरेपूर ठाऊक आहे. ती माझ्याही मनात होती. पण त्या दीड महिन्यात तिच्या मांड्या नजरेला दिसतील इतक्या बारीक झाल्या आणि दुखणे कमी होण्याऐवजी वाढले. तेव्हा एका सहकारी शिक्षिकेच्या सांगण्यावरून आम्ही लातूरला दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवले.

त्यांनी एक्स-रेकडे नंतर पाहिले. आधी आईला चालायला लावले, खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितले, गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना बोटांनी दाबून पाहिले. तिने आयुष्यभर काय काम केले हेही विचारले. खुरपणी, कापसाची वेचणी, जात्यावरचे दळण, आणि त्याही आधी, बहात्तरच्या दुष्काळात पंधरा वर्षांची असताना कामावर बसून फोडलेली खडी. आमच्या भागातल्या बाईचे निम्मे आयुष्य उकिडवे बसण्यात जाते: रानात उकिडवे, चुलीपुढे उकिडवे, धुण्याच्या दगडापाशी उकिडवे. वर्षानुवर्षांच्या अशा बसण्याचा, वाढलेल्या वजनाचा आणि पाळी गेल्यानंतरच्या वयाचा संधिवाताच्या या झिजेशी संबंध असतो, हे वैद्यकशास्त्राने नोंदवलेले आहे. एक्स-रेवरची झीज शून्य ते चार अशा पायऱ्यांनी मोजायची पद्धत केलग्रेन आणि लॉरेन्स या डॉक्टरांनी १९५७ साली मांडली, ती आजही वापरतात. आईचा उजवा गुडघा तिसऱ्या पायरीवर होता, डावा दुसऱ्या. "मावशी, हाडाला हाड अजून घासत नाही," ते म्हणाले. एवढ्या एका वाक्याने तिच्या चेहऱ्यावरची निम्मी भीती उतरलेली मी पाहिली.

गोळ्यांचे पाकीट पाहून मात्र ते गंभीर झाले. रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेले निघाले, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावल्याची खूण. अशा वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर जठराला आणि मूत्रपिंडाला इजा करू शकतात, आणि ज्याला मधुमेह व रक्तदाब दोन्ही आहेत अशा माणसाला तर अधिकच. आईला दोन्ही आहेत. गोळ्या बंद झाल्या. सांध्यात सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्याचा मार्ग होता, पण त्याने काही दिवस साखर वर जाते आणि आराम बहुधा काही आठवड्यांचाच असतो. सांधा बदलण्याची वेळ आलेली नव्हती आणि तिची तयारीही नव्हती. सरकारने २०१७ साली गुडघ्याच्या नेहमीच्या कृत्रिम सांध्याची कमाल किंमत कराव्यतिरिक्त ५४ हजार ७२० रुपये ठरवून दिली, त्यामुळे ती शस्त्रक्रिया पूर्वीइतकी आवाक्याबाहेरची राहिली नाही हे खरे, तरी ऑपरेशन हा शब्द आईच्या कानाला अजून सोसत नाही. अशा सगळ्या वाटा पाहत पाहत आम्ही वंगणाच्या इंजेक्शनापाशी पुन्हा आलो, पण या वेळी वेगळ्या दारातून आलो.

डॉक्टरांनी ते देण्यापूर्वी जवळजवळ अर्धा तास बोलून घेतले, आणि त्या अर्ध्या तासासाठी मी त्यांची आजन्म ऋणी आहे. निरोगी गुडघ्यात जो चिकट द्रव असतो तो सांध्याचे आतले अस्तर स्वतःच तयार करते आणि सतत बदलत राहते. त्याला अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा दाटपणा येतो तो हायल्युरॉनिक ॲसिड नावाच्या शर्करेच्या लांबच लांब साखळ्यांमुळे. हळू हालचालीत हा द्रव बुळबुळीत राहून घर्षण कमी करतो आणि धक्का बसला की क्षणभर रबरासारखा वागून तो झेलतो. झिजेच्या आजारात या साखळ्या तुटून आखूड होतात, त्यांचे प्रमाणही घटते. १९३४ साली कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक गरातून हा पदार्थ पहिल्यांदा वेगळा काढला. पुढे तो डोळ्यांच्या शस्त्रक्रियांत आला, शर्यतीच्या घोड्यांच्या सांध्यांत आला, आणि १९९७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने माणसाच्या गुडघ्यासाठी त्याला मान्यता दिली.

तो मिळवतात कुठून, असे आईने मध्येच विचारले. डॉक्टरांनी खरे ते सांगितले: काही कंपन्या कोंबड्याच्या तुऱ्यातून काढतात. आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. तिचा हात आपोआप माळेकडे गेला. "मग नको," ती म्हणाली, आवाज न चढवता. डॉक्टरांनी खोके मागवले, त्यावरचा बारीक मजकूर वाचला आणि तिला समजावले की हे जिवाणूंकडून, आंबवण्याच्या पद्धतीने तयार केलेले आहे, यात प्राण्याचे काही नाही. "इरजण लावल्यावाणी?" तिने विचारले. "तसंच काहीसं," ते म्हणाले. मला त्या क्षणी वाटले की आपल्या अंगात काय जाणार आहे हे विचारण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला असतो, पण तो वापरता येण्याइतकी उसंत फार थोड्या दवाखान्यांत मिळते. पक्ष्यांच्या प्रथिनांची किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी तर हे विचारलेच पाहिजे.

मग त्यांनी ते सांगितले, जे पहिल्या दवाखान्यात कोणी सांगितले नव्हते. या इंजेक्शनावर जगभर पुष्कळ अभ्यास झालेले आहेत आणि ते उत्साह वाढवणारे नाहीत. २०२२ साली ब्रिटनच्या 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात १६९ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यात २१ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती होती. त्यांपैकी मोठ्या चाचण्यांत, मिठाच्या पाण्यासारखे खोटे इंजेक्शन दिलेल्यांशी तुलना केली तेव्हा, वेदनेच्या शंभर गुणांच्या पट्टीवर खऱ्या औषधाने मिळालेला जादा आराम होता सुमारे दोन गुणांचा, आणि गंभीर दुष्परिणामही थोडे अधिक दिसले. रुग्णाला स्वतःला फरक जाणवायचा तर साधारण नऊ गुणांची घट लागते असे त्याच अभ्यासात धरले होते. इंग्लंडची राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना म्हणते की हे देऊच नये. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ साली गुडघ्यासाठी सहसा नको आणि खुब्यासाठी तर ठामपणे नको असे म्हटले. त्याच वर्षी झिजेच्या संधिवातावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मात्र काही रुग्णांसाठी, विचारपूर्वक, त्याला जागा ठेवली.

"मग डॉक्टर, द्यायचं कशाला?" भावाने विचारले. प्रश्न सरळ होता आणि उत्तरही सरळ मिळाले. खोटे इंजेक्शन घेतलेल्यांनाही बराच आराम पडतो, म्हणून दोन गटांतले अंतर कमी दिसते. काही रुग्णांना चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून सहा महिन्यांपर्यंत बरे वाटते, काहींना काहीच वाटत नाही, आणि कोण कुठल्या गटात पडेल हे आधी सांगता येत नाही. झीज मध्यम असेल तर आशा अधिक. फार पुढे गेलेल्या सांध्यात बहुधा पैसे वाया जातात. हाडांच्या टोकांवरची गादीसारखी कुर्चा झिजली असेल तर ती त्याने भरून येत नाही. आईच्या गोळ्या बंद झालेल्या, स्टेरॉइड नको, ऑपरेशन नको, आणि दुखण्यामुळे ती पाय उचलायलाही तयार नाही. अशा स्थितीत काही महिने दुखणे जरा मागे सरले तर त्या काळात मांडीचा स्नायू पुन्हा उभा करता येईल, एवढ्याच अपेक्षेने फक्त उजव्या गुडघ्याला एक इंजेक्शन द्यावे, असे त्यांचे मत पडले. व्यायाम करणार नसाल तर घेऊ नका, हे त्यांनी दोनदा बजावले.

इंजेक्शन देताना मी आईच्या डोक्याशी उभी होते. गुडघा तपकिरी औषधाने दोनदा पुसला, वाटीच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यातून सुई आत गेली आणि आई "राम कृष्ण हरी" म्हणू लागली. डॉक्टरांनी औषध लगेच सोडले नाही. त्यांनी आधी दट्ट्या मागे ओढला आणि नळीत वाळल्या कडब्याच्या रंगाचा द्रव चढू लागला. तो चढतच गेला. वीस मिलिलीटरच्या आसपास निघाला. निरोगी गुडघ्यात तो असतो दोन ते चार मिलिलीटर, चहाचा चमचाही भरणार नाही एवढा. ज्या गुडघ्यातले वंगण "संपले" होते त्या गुडघ्यातून एवढा द्रव निघताना मी डोळ्यांनी पाहिला. मागाहून डॉक्टरांनी त्यातला एक थेंब हातमोज्याच्या दोन बोटांत धरून बोटे अलगद लांब केली. बारीक तार आली आणि लगेच तुटली. निरोगी द्रवाची तार दोन-तीन बोटे लांब येते, ते म्हणाले. आई मान उचलून बघत होती. दर संक्रांतीला पाकाची तार बघण्यात जिचे आयुष्य गेले, तिला आणखी काही सांगावे लागले नाही. "पाक कच्चा राह्यला म्हणा की," ती म्हणाली. आतले अस्तर चिडलेले होते, ते द्रव जास्त करत होते, पण पातळ करत होते. कोरड्या आखाचे चित्र तिच्या मनातून गेले ते तिथे, त्या तारेने. सुई तशीच ठेवून नळी बदलली गेली आणि सहा मिलिलीटर पारदर्शक, मधासारखे संथ औषध अंगठ्याच्या जोराने सावकाश आत गेले.

दोन दिवस जड काम, जिने, उकिडवे बसणे बंद ठेवायचे, पण अंथरुणाला खिळायचे नाही, असे सांगितले होते. दुसऱ्या रात्री गुडघा सुजला आणि गरम लागू लागला, तेव्हा आम्ही घाबरलो. ताप, वाढती सूज आणि पाय टेकवेनासा होणे ही जंतुसंसर्गाची लक्षणे असू शकतात आणि तसे झाले तर तासाभराचाही उशीर करायचा नाही, हे आधीच सांगून ठेवलेले असल्यामुळे रात्रीच फोन केला, सकाळी दाखवून आणले. सुदैवाने ती औषधाची तात्पुरती प्रतिक्रिया निघाली आणि बर्फाने तीन दिवसांत उतरली. पुढचे तीन आठवडे काहीही फरक पडला नाही. भाऊ हिरमुसला. पाचव्या आठवड्यात आईने न सांगता सकाळी अंगण झाडले.

गाडीचे चाक आणि गुडघा यांत जो फरक आहे तो मला या महिन्यांत उमगला. उभ्या गाडीचे चाक झिजत नाही. गुडघ्याच्या कुर्चेत मात्र रक्तवाहिन्या नसतात. सांधा दाबला जाऊन सुटतो तेव्हा भोवतीच्या द्रवातूनच तिला पोषण मिळते, म्हणजे न हलणारा गुडघा उपाशी राहतो. आईला वंगण हा शब्द सांगून आम्ही तिला दीड महिना उपाशी गुडघ्यानिशी निजवून ठेवले होते, याची खंत मला आजही आहे. आता एक किलो मिठाची पुडी टॉवेलात गुंडाळून घोट्याला बांधायची, खुर्चीवर बसून पाय सरळ उचलायचा आणि पाच वेळा "विठ्ठल" म्हणेपर्यंत तो वरच धरायचा, असा तिचा क्रम ठरला. संध्याकाळच्या हरिपाठाआधी दोन्ही पायांचे दहा-दहा वेळा. पहिल्या दिवशी मिठाच्या पुडीशिवायही पाय तीन "विठ्ठल"च टिकला होता. पायऱ्यांचा नियमही ती शिकली: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. वजन ७१ किलोवरून ६६ वर आले. अंगावरचे एक किलो उतरले की चालताना गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार प्रत्येक पावलाला कमी होतो, असे मोजून पाहिलेले आहे. त्या हिशेबाने पाच किलोंचे वीस झाले. आराम औषधाने किती पडला आणि मिठाच्या पुडीने किती, हे वेगळे काढणे शक्य नाही, आणि मला तसे काढायचेही नाही.

आराम पडू लागल्यापासून सात महिन्यांनी, सोयाबीनची रास घरात आली त्या सुमारास, उजवा गुडघा पुन्हा कुरकुरू लागला. पूर्वीइतका नाही, पण लागला. भावाने लगेच पुन्हा इंजेक्शनाची गोष्ट काढली. रास विकून पैसे हातात होते. फोनवर डॉक्टर म्हणाले की एकदा आराम पडला आहे, तर पुन्हा घेऊन पाहायला हरकत नाही, मात्र तेवढाच पडेल याची हमी नाही. आई आमच्या दोघांचे बोलणे ओसरीवर बसून ऐकत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "रोज सकाळी मी दुखणं कुठं घेते, ते तुम्ही कधी बघितलंय का? संडासात घेते. आधी ते बघा."

आमचा संडास भारतीय बैठकीचा, परसात, एका पायरीवर. ज्या गुडघ्यासाठी आम्ही एवढे हिंडलो तो रोज सकाळी तिथे पुरता दुमडून, भिंतीला नखे लावत ती उठत होती, आणि आमच्यापैकी कोणाच्याही ते ध्यानात आले नव्हते. पुढच्या आठवड्यात गवंडी आला. कमोडचा कट्टा किती उंच घ्यायचा असे त्याने भावाला विचारले, भावाने माझ्याकडे पाहिले. आई काठी बाजूला ठेवून भिंतीलगत सरळ उभी राहिली, वाकून गुडघ्यावर हात ठेवला, वर चार बोटे मोजली आणि म्हणाली, "हितं." गवंड्याने तिच्या बोटांच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलीची रेघ ओढली, आणि उठताना धरायची दांडी कोणत्या हाताला हवी ते विचारले. आईने उजवा हात पुढे केला.